‘वसल’ हा शब्द आणि मित्रभावाचा वाद

उदानाच्या तिसऱ्या वर्गात पिलिंदवच्छ नावाच्या स्थविरांविषयी एक लहानसे सुत्त आहे. भगवान बुद्ध राजगृहाच्या वेळुवनात विहार करीत असताना काही भिक्खू त्यांच्याकडे तक्रार घेऊन आले. आयुष्मान पिलिंदवच्छ आपल्या सब्रह्मचारी भिक्खूंना ‘वसल’ म्हणून हाक मारतात, अशी ती तक्रार होती. पालीतील ‘वसल’ म्हणजे संस्कृतातील ‘वृषल’. हलक्या कुळातला, नीच. संघात भिक्खूंनी परस्परांना ‘आवुसो’ किंवा ‘भन्ते’ म्हणावे असा परिपाठ असताना एका स्थविराच्या तोंडी असा शब्द सतत यावा, ही गोष्ट भिक्खूंना लागली असल्यास नवल नाही.

भगवंतांनी पिलिंदवच्छांना बोलावून घेतले आणि प्रथम विचारले की, हे खरे आहे काय? स्थविरांनी ते तत्काळ मान्य केले. त्यानंतर भगवंतांनी भिक्खूंना सांगितले की, पिलिंदवच्छांच्या मनात द्वेष नाही. मागील पाचशे जन्म ते एकसारखे ब्राह्मण कुळात जन्मले, त्या दीर्घ सवयीने हा शब्द त्यांच्या जिभेवर राहिला आहे.

ही कथा वाचून आमच्या वाचकांपैकी अनेकांचे समाधान होणार नाही, हे आम्ही जाणतो. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी असे शब्द गावाच्या वेशीवर, पाणवठ्यावर आणि शाळेच्या दाराशी ऐकले, त्यांना ‘बोलणाऱ्याच्या मनात द्वेष नव्हता’ हे उत्तर अपुरे वाटणारच. तथापि या कथेतील निदान किती स्पष्ट आहे, तेही पाहिले पाहिजे. स्थविर अर्हत आहेत, त्यांचे मन निर्मळ झाले आहे, आणि तरीही जातीच्या श्रेष्ठत्वात घडलेली त्यांची जीभ सुधारलेली नाही. द्वेष गेला तरी भाषेतील जात मागे राहते, असे म्हणणारी दुसरी इतकी जुनी कथा आम्हांस तरी ठाऊक नाही. पाचशे जन्म हा आकडा अतिशयोक्त मानला, तरी त्यामागील निरीक्षण खोटे ठरत नाही.

उत्तरकालीन आचार्यांनाही ही कथा स्वस्थ बसू देत नव्हती, असे दिसते. अंगुत्तरनिकायाच्या अट्ठकथेत असे आले आहे की, पिंपळीने भरलेले भांडे घेऊन राजगृहात शिरणाऱ्या एका मनुष्यास स्थविरांनी विचारले, वसला, भांड्यात काय आहे? तो संतापून म्हणाला, उंदराच्या लेंड्या. आणि पिंपळीच्या खरोखरच लेंड्या झाल्या! पुढे स्थविरांकडे जाऊन त्याने आपला माल पूर्ववत करून घेतला. आमच्या मते या कथेत अट्ठकथाकारांची सहानुभूती चुकीच्या बाजूला झुकली आहे. अपमान झाला त्या माणसाचा, आणि नुकसानही त्याचेच.

कुमारजीवांनी पाचव्या शतकाच्या आरंभी चिनी भाषेत आणलेल्या महाप्रज्ञापारमिता-शास्त्रात हीच व्यक्तिरेखा अधिक मार्मिकपणे रंगविली आहे. पिलिंदवत्स भिक्षेसाठी गंगा ओलांडताना नदीला ‘ए दासी, थांब’ असे म्हणत. गंगादेवीने भगवंतांकडे गाऱ्हाणे नेले. भगवंतांनी त्यांना क्षमा मागण्यास सांगितले. स्थविरांनी हात जोडले आणि म्हणाले, ‘दासी, रागावू नकोस, मी क्षमा मागतो.’ सारी सभा हसली. क्षमा मागतानाही तोच शब्द! भगवंतांनी गंगादेवीचे लक्ष त्या जोडलेल्या हातांकडे वेधले. शब्द एक सांगत होता आणि हात दुसरे. केवळ शब्द ऐकणारास त्या क्षमायाचनेत नवा अपमान दिसला असता.

एकाच शब्दाचे असे भिन्न स्वर भारतीय वाङ्मयात अन्यत्रही आढळतात. विशाखदत्ताच्या मुद्राराक्षस नाटकात चाणक्य चंद्रगुप्ताला ‘वृषल’ याच नावाने संबोधतो, आणि तेथे त्यात गुरूचा अधिकार व आपलेपणा दोन्ही आहेत. तिसऱ्या अंकात गुरुशिष्यांचे भांडण होते, ते दोघांनी आधी ठरवून केलेले लटके भांडण असते. तरीसुद्धा ते संपल्यावर चंद्रगुप्ताचे मन हादरलेले दिसते. लटका राग ऐकणाऱ्याला, किंबहुना तो राग आणणाऱ्यालाही, पुरता लटका राहत नाही, हे नाटककाराने अचूक टिपले आहे.

उलट सुत्तनिपातातील वसलसुत्तात हा शब्द उघड तिरस्काराने आला आहे. सावत्थीत अग्गिकभारद्वाज ब्राह्मणाने भिक्षेसाठी येणाऱ्या भगवंतांना दुरूनच ‘वसला, तेथेच थांब’ म्हणून हटकले. येथे स्वराबद्दल संशयाला जागा नाही. भगवंतांनी मात्र शब्दाला शब्द दिला नाही; वसल कोणाला म्हणावे आणि कोणत्या गोष्टींनी मनुष्य वसल होतो, हे तुला ठाऊक आहे काय, एवढेच विचारले. ब्राह्मण म्हणाला, ठाऊक नाही, आपणच सांगावे. मग जन्माने नव्हे तर कर्माने वसल होतो, हे विवेचन आले. शिवीचे रूपांतर प्रश्नात झाले आणि प्रश्नाचे चर्चेत. पिलिंदवच्छांच्या बाबतीतही भगवंतांची पहिली कृती विचारण्याचीच होती, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

परंतु कथा म्हणजे नियम नव्हे. स्वराचा प्रश्न संघाने व्यवहारात कसा हाताळला, हे पाहण्यासाठी विनयपिटकाकडे वळले पाहिजे. पाचित्तिय प्रकरणातील दुसरा नियम ‘ओमसवाद’ म्हणजे हिणवून बोलणे यासंबंधी आहे. जात, नाव, गोत्र, काम, कला, रोग, शरीराची ठेवण, मनाचे क्लेश, घडलेले दोष आणि शिवीगाळ अशा दहा प्रकारांनी माणसाला कसे हिणवले जाते, याची तेथे तपशीलवार गणना आहे. जातीचा क्रम पहिला आहे. चांडाल, वेण, नेसाद, रथकार, पुक्कुस ही त्या काळी हीन मानलेली नावे तेथे दिलेली आढळतात.

या नियमाचे विवरण करणाऱ्या विभंगाची सूक्ष्मता थक्क करणारी आहे. हिणवण्याच्या हेतूने हलका शब्द वापरला तर दोष आहेच. पण चांडाल कुळातून आलेल्या भिक्खूला खजील करण्यासाठी ‘आपण तर क्षत्रिय, आपण तर ब्राह्मण’ असे म्हटले तरीही तितकाच दोष आहे. म्हणजे उपरोधाला पळवाट ठेवलेली नाही. कोणाचे नाव न घेता ‘येथे काही असे आहेत’ असे म्हटले, तर त्यासाठी दुक्कट हा निराळा, सौम्य दोष सांगितला आहे. ‘लेकी बोले सुने लागे’ ही आपली म्हण ज्या बोलण्याविषयी आहे, त्याची नोंद विनयधरांनी दोन हजार वर्षांपूर्वीच करून ठेवली होती!

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. हिणवण्याचा हेतू मुळीच नाही, केवळ थट्टेच्या इच्छेने असे बोलले तर काय? पालीत या इच्छेला ‘दवकम्यता’ असा शब्द आहे. ‘मी तर गंमत केली’ हे समर्थन त्या काळीही दिले जात असले पाहिजे. विनयाने ते समर्थन पूर्णतः फेटाळले नाही आणि पूर्णतः स्वीकारलेही नाही. थट्टेने बोलणाऱ्यास पाचित्तिय दोष लागत नाही. त्यास ‘दुब्भासित’ नावाचा, सर्वांत हलका असा दोष लागतो. दुब्भासित म्हणजे वाईट रीतीने बोललेले. दोषांची ही स्वतंत्र पायरी संघाला निर्माण करावी लागली ती थट्टेच्या बोलण्यासाठीच. अर्थ समजावून देण्यासाठी, धम्म सांगण्यासाठी किंवा उपदेशासाठी तोच शब्द उच्चारला तर मात्र दोष नाही.

यातून जी भूमिका दिसते ती आम्हांस आजही विचारात घेण्यासारखी वाटते. ऐकणारा दुखावला एवढ्यावरून बोलणारा दोषी ठरत नाही. आणि बोलणाऱ्याने हेतू स्वच्छ होता असे म्हटले म्हणून शब्द निर्दोष ठरत नाही. हेतूची चौकशी करावयाची, ती बोलणाऱ्याला विचारून. विनयातील न्याय मुख्यतः ‘पटिञ्ञा’ म्हणजे स्वतःच्या कबुलीवर उभा आहे. पण थट्टा निघाली तरी शब्दाचा थोडासा भार बोलणाऱ्याकडे राहतोच.

या नियमाच्या निमित्तकथेत भगवंतांनी एका बैलाची गोष्ट सांगितली आहे. तीच जातकसंग्रहात नंदिविसाल जातक म्हणून येते. तक्षशिलेतील एका ब्राह्मणाच्या बैलाने आपल्या धन्याला शंभर गाड्या ओढण्याची पैज लावण्यास सुचविले. पैज हजाराची लागली. ऐन वेळी ब्राह्मणाने गाडीवर बसून ‘ओढ रे लबाडा’ अशी आरोळी दिली आणि बैल जागचा हलला नाही. पैज गेली. बैलाने पुढे विचारले, मी कधी तुमचे भांडे फोडले, कधी कोणाला तुडविले? मग मला लबाड का म्हणालात? दुसऱ्या खेपेस धन्याने त्याला गोड शब्दाने हाक दिली, तेव्हा त्याने शंभर गाड्या ओढल्या आणि दुप्पट पैज जिंकून दिली. आपल्याकडील शेतकरी या कथेवर हसेल, कारण बैलाला शिव्या देत हाकणे हा त्याच्या मते रागाचा नव्हे तर सलगीचाच भाग आहे. नंदिविसालाच्या धन्याचेही बहुधा तसेच असावे. कथेची खुबी त्यातच आहे: धन्याला आपण काही वाईट बोललो असे वाटतही नव्हते.

येथवर शब्द कठोर आणि मन स्वच्छ, अशी उदाहरणे झाली. याच्या नेमके उलट उदाहरण कोसंबीचे आहे, आणि बौद्ध संघाच्या इतिहासात त्याची किंमत फार मोठी पडली.

कोसंबीच्या घोसिताराम विहारातील कलह महावग्गाच्या दहाव्या खंधकात वर्णिलेला आहे. मूळ कारण अट्ठकथेने दिले आहे ते असे. एक विनयधर आणि एक धम्मकथिक असे दोन भिक्खू तेथे शिष्यांसह राहत होते. धम्मकथिकांनी शौचकूपातील भांड्यात उरलेले पाणी तसेच ठेवले. विनयधरांनी त्यांना विचारले, यात दोष आहे हे आपणास ठाऊक नाही काय? ते म्हणाले, ठाऊक नव्हते. दोष असेल तर मी त्याची कबुली देतो. त्यावर विनयधर म्हणाले, हेतूपूर्वक केले नसेल तर दोष नाही. प्रकरण येथे संपले होते. पण पुढे विनयधरांनी आपल्या शिष्यांजवळ काढलेले उद्गार निराळे होते: या गृहस्थांना दोष घडला तरी कळत नाही. शिष्यांनी ते दुसऱ्या शिष्यांना ऐकविले. धम्मकथिकांच्या कानी ते गेले तेव्हा ते म्हणाले, मला समोर दोष नाही म्हणणारे आता दोष आहे म्हणतात. ते खोटे बोलतात. मग त्यांच्यावर उक्खेपनीय म्हणजे निलंबनाचे कर्म झाले आणि संघाचे दोन तट पडले. भांडे आणि पाणी बाजूलाच राहिले.

भगवान बुद्ध दोन्ही पक्षांकडे स्वतः गेले. निलंबन करणाऱ्यांना त्यांनी सांगितले की, केवळ आपल्याला असे वाटते म्हणून एखाद्याला दूर करू नका. संघ फुटण्याचे गांभीर्य आधी तोला. निलंबित भिक्खूच्या बाजूला सांगितले की, संघ फुटणार असेल तर इतरांवरील श्रद्धेनेही दोष मान्य करावा. कलह थांबला नाही. तेव्हा एका भिक्खूने भगवंतांना विनविले की, भगवंतांनी निश्चिंत असावे, सुखाने विहार करावा. या भांडणाचे काय ते आम्ही पाहून घेऊ.

हे वाक्य शब्दशः पाहिले तर त्यात आदराखेरीज काही नाही. संबोधन योग्य, विनंती नम्र, शास्त्याच्या सुखाची काळजी. प्रत्यक्षात तो शास्त्याला दिलेला निरोप होता. पिलिंदवच्छांचा शब्द नीच होता आणि मन स्वच्छ. कोसंबीच्या या भिक्खूचे शब्द स्वच्छ होते आणि मन बंद झालेले. भगवंतांनी त्या सौजन्याचा खरा अर्थ ओळखला. दीघावु राजपुत्राची कथा सांगून झाली, ती व्यर्थ गेली, आणि ते एकटेच कोसंबी सोडून निघाले. वाटेत पाचीनवंसदायात अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल हे तिघे दूध-पाण्यासारखे एकोप्याने राहताना त्यांना भेटले. पुढे पारिलेय्यकाच्या वनात त्यांनी काही काळ घालविला.

कलह मिटविला तो उपासकांनी. कोसंबीच्या लोकांनी या भिक्खूंना वंदन करणे आणि भिक्षा देणे बंद केले. मग ते सावत्थीला गेले. निलंबित भिक्खूने शांतपणे विचार केल्यावर दोष घडल्याचे स्वतः मान्य केले आणि संघ पुन्हा समग्र झाला. सामान्य उपासकांचा हा अधिकार आजच्या विहार समित्यांनी विसरू नये.

या कोसंबीच्या जागी अलाहाबाद विद्यापीठाच्या वतीने प्रा. गो. रा. शर्मा यांनी केलेल्या उत्खननात घोसिताराम विहाराचे अवशेष व त्या नावाचा कोरीव लेख सापडला. आज प्रयागराजच्या किल्ल्यात असलेल्या अशोकस्तंभावर कोसंबीच्या महामात्रांना उद्देशून काढलेली आज्ञा आहे: संघात भेद करणाऱ्या भिक्खूला वा भिक्खुणीला पांढरी वस्त्रे नेसवून विहाराबाहेर ठेवावे. म्हणजे बुद्धानंतर काही पिढ्यांनी त्याच नगरीत हा प्रश्न राजसत्तेपर्यंत पोहोचला होता. अशोकाने मात्र दंडाच्या जोडीने दुसरेही काही सांगितले. बाराव्या शिलालेखात तो सर्व संप्रदायांच्या सारवृद्धीचे मूळ ‘वचिगुति’, म्हणजे वाणीचा संयम, असे सांगतो. अकारण स्वपंथाची स्तुती व परपंथाची निंदा करू नये, कारण असलेच तर ती हलक्या हाताने करावी. टीका करूच नये असे तो म्हणत नाही. परस्परांचा धम्म ऐकावा म्हणून ‘समवाय’ चांगला, असे गिरनारच्या पाठात आहे. आमच्या महाराष्ट्रातील सोपारा येथेही अशोकाने शिलालेख कोरविले होते. पण १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना मिळालेला तुकडा आठव्या लेखाचा, तर १९५६ मध्ये मिळालेला नवव्याचा. बारावा तेथे असल्यास तो हाती आलेला नाही.

गैरसमजाचे आणखी एक कारण मज्झिमनिकायातील अरणविभंगसुत्तात सांगितले आहे, ते म्हणजे बोली. एकाच भांड्याला कोठे पाति, कोठे पत्त, कोठे वित्थ, कोठे सराव म्हणतात. जो ‘हेच खरे, बाकी खोटे’ असा आग्रह धरतो तो कलहाला जन्म देतो. वऱ्हाडातला माणूस पुण्यात बोलू लागला की त्याची साधी चौकशीही कित्येकांना दरडावणी वाटते, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको.

वादाचा बाह्य आविर्भाव किती फसवा असू शकतो, याचे प्रत्यक्ष दर्शन कर्नाटकातील मुंडगोड येथे घडते. तिबेटी निर्वासितांनी तेथे पुन्हा उभारलेल्या डेपुंग व गंडेन या महाविहारांच्या प्रांगणात भिक्खू वाद करतात. उत्तर देणारा बसलेला असतो. प्रश्न विचारणारा उभा राहून, पाय आपटून, त्याच्या समोर जोराने टाळी वाजवितो. भाषा न जाणणाऱ्या पाहुण्यास हे भांडणच वाटते. वस्तुतः ते दिङ्नाग-धर्मकीर्तींच्या प्रमाणशास्त्राचे अध्ययन असते, आणि आज टाळी वाजविणारा उद्या उत्तरासाठी खाली बसतो. तेथे कोणाचा गैरसमज होत नाही, याचे कारण त्या टाळीचा अर्थ दोघांनाही आधीपासून ठाऊक असतो.

हा आधीचा करार प्राचीन ग्रंथकारांना महत्त्वाचा वाटे. चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्यांच्या चर्चेचे संधायसंभाषा व विगृह्यसंभाषा असे दोन प्रकार केले आहेत. पहिली मित्रभावाची, दुसरी जिंकण्यासाठीची. जो रागीट नाही, असूया बाळगत नाही त्याच्याशी पहिली करावी. निःशंकपणे विचारावे, पराभवाला भिऊ नये आणि जिंकल्यास हर्ष करू नये. परंतु या कराराचे सर्वांत सुंदर चित्र आहे ते मिलिंदपञ्हात.

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील यवन राजा मिनँडर, पालीतील मिलिंद, सागल नगरीत, म्हणजे बहुधा आजच्या सियालकोटला, राज्य करीत होता. वादात श्रमण-ब्राह्मणांना निरुत्तर करावे आणि जंबुद्वीप पोकळ आहे असे म्हणावे, हा त्याचा छंद. नागसेन स्थविरांना त्याने विचारलेले पहिले प्रश्नही टोचणारेच होते: ‘नागसेन’ नावाचा कोणी नसेल तर तुम्हांला दान कोण देतो, शील कोण पाळतो? केस नागसेन आहेत काय, नखे नागसेन आहेत काय? स्थविरांनी त्याच्याच रथाचा दाखला देऊन उत्तर दिले. पुढे राजाने पुन्हा वादाची इच्छा दर्शविली तेव्हा स्थविर म्हणाले, पंडितांच्या रीतीने बोलणार असाल तर बोलू; राजांच्या रीतीने बोलणार असाल तर नाही. पंडितांच्या वादात गुंता होतो, उकल होते, खंडन होते, चूक मान्य केली जाते, आणि तरी कोणी रागावत नाही. राजे एक गोष्ट ठरवितात आणि जो विरोध करील त्याला दंड करवितात. मिलिंदाने पहिली रीत मान्य केली. सिंहासनावरील माणसाने आपले सिंहासन वादापुरते बाजूला ठेवले, ही साधी गोष्ट नव्हे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय काढले, त्याला मिलिंदाचे नाव मिळाले आणि परिसर नागसेनवन झाला. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा, दोघांचीही नावे एकाच आवारात नांदत आहेत. आमच्या विहारांत प्रवचनानंतर एखाद्या तरुणाने आडवा प्रश्न केला की ‘हा आपला नव्हे’ अशी कुजबुज सुरू होते, तेव्हा त्या आवाराच्या दोन्ही नावांची आठवण ठेवणारे फार थोडे असतात.

मिलिंदपञ्हातील ज्या प्रसंगाने आम्हांस हा लेख लिहिण्यास प्रवृत्त केले, तो तिसऱ्या भागाच्या शेवटी आहे. प्रश्नोत्तरे संपली, स्थविर विहारात परतले. त्या रात्री दोघेही जागे होते. आपण काय विचारले, त्यांनी काय सांगितले, याचा राजा विचार करीत होता. राजाने काय विचारले, आपण काय सांगितले, याचा स्थविर. सकाळी नागसेन राजवाड्यात आले. राजा म्हणाला, भन्ते, मी नागसेनांना प्रश्न विचारले या आनंदात उरलेली रात्र घालविली, असे आपण समजू नये. स्थविरांनीही तसेच सांगितले: महाराज, मी राजाला उत्तरे दिली या आनंदात रात्र काढली, असे आपणही समजू नये. दोघांनाही वाटले होते की, सारे नीट विचारले गेले आणि सारे नीट सांगितले गेले. पण काल वादात चढलेल्या आवाजाचा अर्थ दुसऱ्याने विजयाचा घेतला असेल, ही शंका दोघांनीही मनात न ठेवता बोलून दाखविली.

पाली परंपरेत ग्रंथ यानंतर आणखी बराच चालतो. मेण्डकपञ्हातील अवघड कोडी पुढेच आहेत. चिनी भाषेत जतन झालेल्या नागसेन-भिक्षु-सूत्रात मात्र पाली ग्रंथाच्या आरंभीच्या तीन भागांशी जुळणारा मजकूर तेवढा आहे, आणि पाली ग्रंथही या ठिकाणी मिलिंदाची प्रश्नोत्तरे समाप्त झाल्याचे नोंदवितो. यावरून अनेक विद्वानांचे मत असे आहे की, मूळ ग्रंथ त्या सकाळच्या भेटीशीच संपत होता.